वाक्य दुरुस्त करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत कुमारवयीन मुलांच्या वाचनाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला आणि त्यातील दोन मुद्द्यांवर लिहिल्याशिवाय राहवेना, म्हणून हे पत्र. लेखकाचे पहिले म्हणणे असे की, अत्याचार आणि त्यानंतरचा मानसिक आघात हे विषय बारा ते अठरा वयाच्या मुलांच्या कादंबऱ्यांत नकोत, आणि अशी पुस्तके शाळेत आलीच तर ती कुलूपबंद कपाटात ठेवून मुख्याध्यापकांच्या परवानगीनेच द्यावीत. दुसरे म्हणणे असे की, विषय घ्यायचाच झाला तर नायिका 'खंबीर' दाखवावी आणि झाल्या प्रकाराला तिने तत्काळ वाचा फोडावी, म्हणजे वाचणाऱ्या मुलींना प्रेरणा मिळेल. कपाटाकडे मी शेवटी येईन. मला अधिक धास्ती वाटते ती दुसऱ्या मुद्द्याची, कारण तो ऐकायला फार चांगला वाटतो.

मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत ३१ वर्षे ग्रंथपाल होते. त्यातली सात-आठ वर्षे तालुका पातळीवरील कथालेखन स्पर्धेच्या वह्या तपासण्याचे काम माझ्याकडे होते. मुलींवरील अत्याचार हा विषय त्या वह्यांत दरवर्षी यायचाच आणि त्या कथेचा साचाही दरवर्षी तोच असायचा. पहिल्या पानावर प्रसंग घडे, दुसऱ्या पानावर मुलगी आईला सांगे, तिसऱ्या पानावर आई पदर खोचून पोलीस ठाण्यात जाई आणि चौथ्या पानावर ग्रामसभेत त्या मुलीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होई. (सत्काराशिवाय आपल्याकडे कोणतीच गोष्ट पुरी होत नाही, हा भाग वेगळा.) या कथा लिहिणाऱ्या मुलांचा दोष नाही, मोठ्यांनी त्यांच्यासाठी जे लिहिले, तेच त्यांनी गिरवले. पण जिच्या बाबतीत असे काही घडून सहा महिने झाले आहेत आणि जिच्या तोंडातून अजून एक शब्द निघालेला नाही, अशी नववीतली मुलगी ती कथा वाचते तेव्हा तिला काय वाटत असेल, याचा विचार लेखकाने करायला हवा होता. तिला प्रेरणा मिळत नाही. हिने त्याच संध्याकाळी सांगितले आणि आपण सांगितले नाही, तेव्हा खोट आपल्यातच आहे, एवढेच तिला कळते.

न सांगणारी मुलगी हा अपवाद नाही, हे आकडेही सांगतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांच्या छळाविषयीचा जो देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांकडून माहिती घेतली होती. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, छळ करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते आणि बहुसंख्य मुलांनी तोवर ही गोष्ट कुणाच्याच कानावर घातली नव्हती. आणखी एक आकडा मला मुद्दाम नोंदवायचा आहे, कारण आपल्या लेखात मुलगे कुठेच नाहीत: या छळ सोसलेल्यांमध्ये ५२.९४ टक्के मुलगे होते. 'पोरगा असून रडतोस काय' या एका वाक्यावर वाढलेल्या त्या मुलांनी कुठल्या खंबीर नायिकेकडून प्रेरणा घ्यायची?

भीती पराकोटीला गेली की माणूस ओरडतोच किंवा पळतोच, असे नाही. अंग लाकडासारखे होते, जीभ टाळूला चिकटते, आणि हे त्या क्षणी शरीर आपणहून करते. त्यात भित्रेपणा नाही आणि संमती तर नाहीच. पुढे आठवण उरते तीही सलग नसते. पंख्याची घरघर, भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान, कुणाच्या तरी तंबाखूचा वास, असे तुकडे उरतात, आणि मुलगी अशा तुकड्यांत बोलू लागली की मोठी माणसे लगेच विचारतात, 'आधी काय झालं, मग काय झालं, नीट सांग.' नीट सांगता येत नाही म्हणजे खोटे सांगते, असा निकाल त्याच बैठकीत लागतो. ज्या कादंबरीला या विषयाला हात घालायचा आहे, तिने पहिल्यांदा हे तुटलेपण निवेदनात आणले पाहिजे. घडलेली गोष्ट पहिल्याच प्रकरणात सरळ रेषेत सांगून मोकळी होणारी कादंबरी कितीही सद्हेतूने लिहिलेली असली, तरी ती आघाताविषयीची कादंबरी नव्हे.

या प्रकारच्या लेखनाचा विषय निघाला की जगभर जिचे नाव घेतले जाते, ती लॉरी हॉल्स अँडरसन यांची 'स्पीक' ही १९९९ सालची अमेरिकी कादंबरी माझ्या भाचीने मला पुण्याहून आणून दिली आणि मी शब्दकोश जवळ ठेवून महिनाभर ती वाचली. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका पार्टीत मेलिंडा या मुलीवर अत्याचार होतो. ती घाबरून पोलिसांना फोन करते, पार्टी उधळली जाते, आणि सगळी मुले तिच्यावर उलटतात. फोन का केला, हे तिला कोणीही विचारत नाही. शाळेचे अख्खे वर्ष ती जवळजवळ मुकी होते. वर्गात प्रश्न विचारला तर उत्तर नाही, घरी आईवडिलांशी चिठ्ठ्यांवर कारभार. पण वाचकाशी मात्र ती पहिल्या पानापासून बोलत असते, आणि तेही तिरकस, कधी कधी हसू येईल असे. माझ्या दृष्टीने या पुस्तकाचे सगळे बळ इथे आहे. जी गोष्ट त्या कादंबरीत अत्याचार करणाऱ्याखेरीज बराच काळ कुणालाच ठाऊक नसते, ती वाचणाऱ्या मुलाला हळूहळू कळत जाते. म्हणजे त्या मुलीचे म्हणणे ऐकून घेणारे पहिले माणूस तेच. वाचक शंभर पाने धीर धरून ऐकत बसतो आणि न कळत ऐकायला शिकतो.

धाडस तिथे एका दमात येत नाही. चिल्लर जमवावी तसे ते जमते. चित्रकलेचे शिक्षक तिला वर्षभरासाठी एकच विषय देतात, झाड, आणि ती वर्षभर वाईट झाडे काढत राहते. शाळेतली एक पडकी अडगळीची खोली ती स्वतःसाठी साफ करते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर ती अत्याचार करणाऱ्या मुलाचे नाव लिहून ठेवते आणि काही दिवसांनी पाहते तर त्याखाली आणखी कुणाकुणाच्या हस्ताक्षरात ओळी आलेल्या असतात. शेवटी तो मुलगा पुन्हा अंगावर येतो तेव्हा तिच्या तोंडातून 'नाही' निघते, पण तोवर त्या शब्दाची कितीतरी तयारी झालेली असते. शिक्षकांना ती सांगायला लागते ते अगदी अखेरीस, आणि तिथेच पुस्तक संपते. सत्कार होत नाही. या पुस्तकालाही विरोध झाला. २०१० साली मिसुरी राज्यातील एका प्राध्यापकाने स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहून ते अश्लील ठरवले होते, त्यामुळे आपल्या पुरवणीतील लेखकाने आपण एकटे पडलो असे वाटून घेऊ नये. लेखिका स्वतः तेराव्या वर्षी या अनुभवातून गेल्या होत्या आणि कित्येक वर्षे त्यांनीही कुणाला सांगितले नव्हते, हे त्यांनी पुढे आत्मकथनात लिहिले. त्यांना २०२३ साली बालसाहित्यासाठीचा ॲस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार मिळाला.

आता कुणी म्हणेल, तिकडचे उचलून इकडे आणा. तसे करता येणार नाही आणि करूही नये. आमच्याकडच्या मुलीला दार लावून बसायला स्वतःची खोली नसते. दोन खोल्यांच्या घरात आजी, आईवडील, तीन भावंडे आणि वेचणीच्या दिवसांत छताला टेकलेला कापूस असतो. त्रास देणारा माणूस बहुधा पार्टीत भेटलेला अनोळखी मुलगा नसतो. तो शेजारच्या आळीतला 'काका' असतो, शिकवणीचे सर असतात, ज्याच्या मळ्यात बाप सालाने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, कामाला आहे त्या मालकाचा पुतण्या असतो. आईला कळले तर ती पहिल्यांदा म्हणते, 'कुणाला बोलू नको.' या आईला खलनायिका करून मोकळे होणे लेखकाला सोपे आहे. पण तिच्या डोक्यात त्या क्षणी सालदारकी जाण्याची भीती, धाकटीचे लग्न, दिरांची तोंडे असा सगळा हिशेब एकदम उभा राहिलेला असतो, तिलाही तोंड दाबून बुक्क्यांचाच मार असतो, आणि तो हिशेब वाचकाला दिसला नाही तर मुलगी आईवर रागावून आणखीच गप्प होईल. एखाद्या कादंबरीने आईच्या त्या तीन शब्दांनाच दहा पाने दिली, तर मी ती कादंबरी उभ्याने वाचीन.

कायद्याचेही तसेच आहे. बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाचा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्याने तो पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला असेल तर वर्षापर्यंत. म्हणजे आपल्याकडच्या कादंबरीतल्या प्रेमळ बाईंना 'मी कुणाला सांगणार नाही हं, बोल' असे वचन देता येत नाही. हे आमच्या लेखकांना ठाऊक असावे, असे त्यांच्या कथा वाचून वाटत नाही. पण यात केवढी कथा दडली आहे! मुलगी म्हणते, आधी शपथ घ्या. बाई शपथ घेऊ शकत नाहीत. खोटी घेतली तर दुसऱ्यांदा विश्वासघात होतो आणि नाही घेतली तर मुलगी उठून जाईल, अशी ती वेळ असते. त्या बाकावर दोघी बसल्या आहेत आणि मधली सुट्टी संपायला सात मिनिटे आहेत, एवढ्यावर कसलेला लेखक एक प्रकरण उभे करील. त्याच कायद्यात असेही आहे की, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाची नसलेल्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा. 'पोलीस ठाण्यात जावे लागेल' या एका धास्तीने गप्प बसलेल्या किती मुलांना हे माहीत आहे? कलमांचा पाठ शाळेच्या फलकावर लिहून ते कळत नाही. गोष्टीत साध्या साडीतली एक बाई दारात येऊन पाणी मागते आणि मग कळते की ती फौजदार आहे, तेव्हा ते कळते आणि लक्षात राहते.

यापुढचे लिहिताना हात अडतो, पण ते टाळून पत्र पुरे होणार नाही. पोक्सो येण्याच्या चार-पाच वर्षे आधीची गोष्ट. नववीतली एक मुलगी खेळाच्या तासाला मैदानावर न जाता ग्रंथालयात येऊन बसू लागली. पायाला लागले आहे, असे तिने सांगितले होते; पाय बरा झाल्यावरही ती येत राहिली. खिडकीकडे पाठ करून, दार दिसेल अशा खुर्चीवरच ती बसायची, आणि तिथे दुसरे कोणी बसलेले असले तर ती जागा रिकामी होईपर्यंत कपाटाजवळ उभी राहायची. एकच पुस्तक तिने चार वेळा नेले. तारीख-चिठ्ठीवर तिच्या नावाचे शिक्के एकाखाली एक पडलेले मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. सहामाही संपून साठा पडताळणी चालली होती. मी दाखल क्रमांक वाचत होते, शिपाई पुस्तके मोजत होता, आणि ती टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, माले तठे जावानं नही."

कुठे जायचे नाही, हे मी विचारले नाही. मी मान वर न करता म्हणाले, "शाळेत शुद्ध बोलायचं. 'मला तिथे जायचं नाही' असं म्हण." तिने ते वाक्य तसेच्या तसे म्हटले आणि ती निघून गेली. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. मामाच्या गावी शिकायला गेली, असे वर्गशिक्षिकेने सांगितले आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ ओढली गेली.

दहा-अकरा वर्षांनी एका बसस्थानकावर कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने मला नमस्कार केला. तीच होती. गाडीला उशीर होता, आम्ही तासभर बाकावर बसलो, आणि तिने जे सांगितले ते इथे लिहिण्याचा मला अधिकार नाही. लिहिण्याजोगे एवढेच आहे की, "त्या दिवशी तुम्ही माझं वाक्य दुरुस्त केलं होतं," हे ती अगदी शुद्ध मराठीत म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

म्हणून कुमारवाङ्मयाविषयी बोलताना मी भाषेवर अडून बसते. खानदेशातले मूल घरात अहिराणी बोलते, कुठे लेवा बोली, सातपुड्याकडे भिली आणि पावरी, आणि शाळेच्या फाटकात पाऊल टाकले की ते आपली जीभ चप्पल काढावी तशी बाहेर काढून ठेवते. जी भाषा बोलली की वर्ग हसतो, त्या भाषेत मूल लाजिरवाणी गोष्ट कशी सांगेल? आणि जी भाषा पुस्तकातून शिकलेली आहे, तिच्यात आघाताला शब्द कुठून आणील? पुस्तकातल्या मुली 'माझ्यावर अत्याचार झाला' असे म्हणतात. इथली मुलगी म्हणेल, 'माले तठे जावानं नही.' तिचे सांगणे तेवढेच असते आणि ते पुरेसे असते, ऐकणाऱ्याला कान असतील तर. आमच्या कादंबऱ्यांत बोली येते ती आजीच्या किंवा गड्याच्या तोंडी, हशा पिकवायला. ज्या पानावर मुलीचा ऊर फुटतो त्या पानावर ती अचानक प्रमाण मराठी बोलू लागते. हे बदलायला हवे. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झाले तेव्हा मांडवात अहिराणीचे कौतुक मीही ऐकले, पण कौतुक वेगळे आणि शाळेच्या कपाटात तिच्यात बोलणारी एक कुमारकादंबरी असणे वेगळे.

बोलण्याची वाट आमच्याकडे नव्हतीच, असेही नाही. जात्यावर बसलेली बाई जे माणसांना सांगता येत नसे ते दगडाला सांगायची, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावर सासरचे सारे काही गाण्यातून निघायचे. असोद्याच्या बहिणाबाईंना तिसाव्या वर्षी वैधव्य आले, अक्षरओळख नव्हती, आणि तरी ज्योतिष्याला दारात येऊ नको म्हणून बजावण्याचे बळ त्यांच्या शब्दांत आले. पण त्या ओव्या टिपून घेणारे त्यांचे पुत्र सोपानदेव घरात होते म्हणून आपल्यापर्यंत आल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. टिपून घेणारे कुणी नव्हते अशा किती जणींचे जात्यावरचे शब्द पिठाबरोबर गेले, त्याची मोजदाद नाही. आता जातेही गेले. घरात गिरणीचे पीठ येते आणि मुलीच्या हातात मोबाइल असतो, ज्यातले फोटो हाच पुष्कळदा तिच्या गप्प राहण्याचा धाक असतो.

फोटोंचा धाक आम्हाला नवा नाही. १९९४ साली जळगावात जे प्रकरण उघडकीला आले, त्यातही मुलींना जाळ्यात ओढून, छायाचित्रे काढून त्यांच्या जोरावर गप्प ठेवण्यात आले होते, आणि तक्रार द्यायला पुढे येणे त्या मुलींना किती जड गेले, हे त्या काळातल्या सगळ्यांना आठवत असेल. वृत्तपत्रांनी त्याला 'वासनाकांड' असे नाव दिले. राग मानू नये, पण या शब्दाने मुलींचे दुःख बाजूला पडले आणि लोकांच्या चघळण्याला विषय मिळाला. त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारले होते, "कॉलेज जळगावलाच का?" तिचे शिक्षण भुसावळला झाले होते, आणि आमच्या वडिलांनी ते दोनदा सांगितले. जिने काहीच सोसले नव्हते तिच्यावर हा प्रसंग आला. ज्यांनी सोसले त्यांनी तोंड उघडावे अशी अपेक्षा कशाच्या आधारावर करायची? तीस वर्षे झाली, त्या शहरात त्या वर्षी सोळा-सतरा वर्षांची असलेल्या मुलीच्या नजरेतून लिहिलेली कुमारकादंबरी माझ्या तरी वाचनात आलेली नाही. बोलणे म्हणजे गुन्हेगाराचे नाव घेणे एवढेच नसते. बोलल्यावर गाव तुमच्याकडे कसे बघते, बहिणीची सोयरीक कशी मोडते, मैत्रीण वाट बदलून कशी जाते, हे सगळे सोसूनही बोलणे असते, आणि ते लिहायला लेखकाला घाई करून चालणार नाही.

आता कपाटाचा मुद्दा. लेखकाची काळजी अगदीच निराधार आहे, असे मी म्हणत नाही. पाचवीतल्या मुलाच्या हातात हे पुस्तक मी देणार नाही, आणि प्रसंगाचे चवीने वर्णन करणारी पुस्तके मीच बाजूला ठेवलेली आहेत. त्यांना आघाताशी देणेघेणे नसते. चांगली कादंबरी त्या खोलीचे दार उघडून आत नेत नाही, ती दाराबाहेर उरलेल्या चपला दाखवते. वयाची पारख ग्रंथपालाला असते, त्यासाठीच त्याला नेमलेले असते. पण कुलूप लावून परवानगीची अट घातली की काय होते ते मी पाहिले आहे. ज्याला कुतूहल आहे तो मुलगा चावी मागतो, हसतो, मित्रांना सांगतो. जिला गरज आहे ती मुलगी मुख्याध्यापकांच्या दालनात जाऊन 'मला ते पुस्तक हवे आहे' असे जन्मात म्हणणार नाही, कारण ते म्हणणे म्हणजेच सांगणे झाले. तीच गत देवघेव नोंदवहीची. टेबलावर उघडी पडलेली ती वही येणारा-जाणारा प्रत्येक जण चाळतो आणि कोणी काय नेले, हे दुपारपर्यंत वर्गभर होते.

बसस्थानकावरच्या त्या दिवसानंतर मी दोन गोष्टी केल्या. अशी पाच-सहा पुस्तके मी दाराजवळच्या उघड्या फळीवर, चरित्रांच्या आणि विज्ञानकथांच्या मध्ये मिसळून ठेवली आणि ती तिथेच बसून वाचायची असतील तर नोंद करायची नाही, असे ठरवले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी यावर शेरा मारला की, ही पुस्तके वर्षभरात एकदाही दिली गेलेली नाहीत, तेव्हा ती निरुपयोगी समजून बाद करावीत. मी त्यांना पुस्तके हातात दिली. तीन पुस्तकांचे पुठ्ठे निघाले होते, एकाची शिलाई सुटली होती आणि एकाच्या काही पानांचे कोपरे हाताळून हाताळून काळे पडले होते. त्यांनी शेरा खोडला नाही, पण पुस्तकेही नेली नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे, ग्रंथालयात कुणी कोणत्याही बोलीत काही म्हटले की मी हातातली पेन्सिल खाली ठेवायला शिकले. निवृत्तीपर्यंतच्या काळात दोन मुलांनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली. एक मुलगी आणि एक मुलगा. मी वचन दिले नाही, कळवावे लागेल हे सांगितले, आणि दोघेही उठून गेले. मुलगी तिसऱ्या दिवशी परत आली. मुलगा आला नाही, आणि त्याने जेवढे सांगितले होते तेवढ्यावर मला जे करता आले ते मी केले. ते पुरेसे होते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आपल्या पुरवणीत दर रविवारी कुमारांसाठी अर्धे पान असते. तिथे चार महिने एखादी क्रमशः कादंबरी छापावी, खानदेशातल्याच कुणा लिहित्या हाताकडून घ्यावी, आणि तिच्यातल्या मुलीला किंवा मुलाला बोलायला चारही महिने लागू द्यावेत, अशी माझी विनंती आहे. वाचकांची पत्रे येतील, 'ती बोलत का नाही' म्हणून लोक वैतागतील. ती पत्रे छापावीत.

माझे नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयीन नोंदीसाठी वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे. तो कृपया प्रसिद्ध करू नये. माझ्या नावावरून शाळा ओळखू येईल, आणि शाळेवरून ती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल
(जि. जळगाव)